शेऱ्याच्या रकान्यातला ससा

३ नोव्हेंबर

दादा,

पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते मला पाठ आहे, पण सहा वर्षांनी कुठल्या तोंडाने लिहू? म्हणून नुसतं दादा.

पत्ता मावशीने दिला. सुखासुखी नाही दिला, आधी अर्धा तास माझी हजेरी घेतली. तू आता लहान मुलांच्या शाळेत गेटवर असतोस, मुलं तुला गेटकाका म्हणतात आणि फोन ठेवत नाहीस, एवढं तिच्याकडून काढून घेतलं. ऐकून बरं वाटलं. खरंच वाटलं, उगाच लिहायचं म्हणून लिहीत नाही.

इकडे सगळं ठीक. तुझी भाची पहिलीत आहे. पुढचे दोन दात पडलेत आणि तोंडाला क्षणाची विश्रांती नाही. माझ्यावर गेली म्हणशील. म्हण.

आता कामाचं. विशेष काही नाही, दचकू नकोस. आमच्या कंपनीच्या एका क्रीमबद्दल कुठल्याशा शाळेतल्या एका शिक्षिकाबाईंनी ग्राहक मंडळाकडे तक्रार केलीय. डोळ्यांखाली लावायचं क्रीम, जांभळी नळी, दुकानात पाहिली असशील. नळीवर 'व्हीगन' लिहिलंय, 'प्राण्यांवर चाचणी नाही' लिहिलंय आणि शेजारी सशाचं चित्र आहे. बाई विचारतात, हे कशावरून? रिकामा वेळ असला की माणसाला काय काय सुचतं बघ. २८ तारखेला सुनावणी आहे. त्यात कंपनीने लिहून द्यायचंय की कुठल्याही टप्प्यावर कुठल्याही प्राण्यावर काही केलेलं नाही. त्यावर सही माझी लागते, कारण लेबलावरचा शब्द न् शब्द तपासून पास करणारी मी. सही केली की विषय संपला.

तर सहज विचारते. तू त्या प्राण्यांच्या प्रयोगशाळेत कामाला होतास तेव्हाचे काही कागद तुझ्याकडे आहेत का? वह्या, तक्ते, काहीही? असले तर उगाच सांभाळत बसू नकोस. जुन्या कागदांना वाळवी लागते.

दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

तुझी भांडकुदळ
(तूच ठेवलेलं नाव आहे, चालेल ना अजून?)


१० नोव्हेंबर

दादा,

उत्तर नाही. आज पोस्टमनला जिन्यातच गाठलं, तर म्हणाला, "ताई, तुमचं पत्र आलं की मी खालूनच हाक मारीन, पण रोज असं अंगावर येऊ नका." माझी ही गत झालीय.

वाळवीचं मी बनवून लिहिलं. तुझ्याकडे कागद असोत नसोत, एक माझ्याकडे आहे.

सुनावणीसाठी कागद गोळा करताना, त्या क्रीममध्ये जे मेण पडतं त्याच्या पुरवठादाराची फाइल मी काढली. आजवर तिचं पहिलं पान तेवढं वाचत आले. त्यावर हमीपत्र असतं, हमीपत्रावर शिक्का असतो, शिक्का बघितला की मी बरोबरची खूण करते. हेच माझं काम. या वेळी कशी कोण जाणे, मनात पाल चुकचुकली आणि मी शेवटपर्यंत पानं उलटली. एकशे बाराव्या पानावर हाताने भरलेला तक्ता निघाला. तीन ससे, नंबर एक ते तीन. उजव्या डोळ्यात ते मेण पातळ करून घातलेलं, डावा डोळा तसाच ठेवलेला. एक तासाने काय, चोवीस तासांनी काय, अठ्ठेचाळीस, बहात्तर. लाली किती, सूज किती, पाणी किती. आणि शेवटी शेऱ्याचा रकाना.

त्या रकान्यात लोक 'ठीक' लिहितात नाहीतर रेघ मारतात. इथे लिहिलंय, "नं. २ रागावलाय, पाठ करून बसतो." "नं. ३ गवत नको म्हणाला. दुपारी थोडं खाल्लं." "नं. १ डोळा उघडत नाही, पण हाक मारली की कान हलवतो."

दादा, ससा 'नको म्हणाला' असं लिहिणारा माणूस या जगात एकच आहे. खाली नाव नाही, नुसतं 'प्राणी कक्ष सेवक' आणि सहीच्या जागी एक वेटोळं. पण अक्षर तुझं. माझ्या शाळेच्या वह्यांवर तू नाव घालून द्यायचास, तेच. पॅकिंगचे नमुने ठेवतात त्या खोलीत जाऊन मी एका खोक्यावर बसून राहिले, आणि खोकं माझ्या वजनाने चेपत गेलं तरी उठले नाही.

तुला हे माहीत असेल, मला नव्हतं. पूर्वी क्रीम घट्ट व्हायला त्यात मधमाश्यांचं मेण घालायचे. व्हीगन म्हणवून घ्यायचं तर ते चालत नाही. म्हणून झाडापासून नवीन मेण काढलं. पदार्थ नवीन म्हटला की तो कुणाच्या डोळ्यात गेला तर काय होतं ते आधी बघा, असं वरून आलं. ते बघितलं सशांच्या डोळ्यांत. म्हणजे मधमाशीला नळीतून बाहेर काढायला तीन ससे लागले, आणि मग आम्ही त्याच नळीवर हसरा ससा छापला. आत प्राण्याचं काही नाही, हे शंभर टक्के खरं. व्हीगन म्हणजे तेवढंच. लोकांना मात्र वाटतं की कुणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही, आणि तसं वाटावं म्हणून तर आमचा पगार असतो.

आता माझा पराक्रम ऐक. लेबलासाठी आलेलं मूळ वाक्य होतं, "तयार उत्पादनाची प्राण्यांवर चाचणी नाही." तेही खरं. तयार क्रीम कुणी सशाला लावलेलं नाही, त्यातलं मेण लावलं. पण नळी करंगळीएवढी, आणि अक्षरं ठरावीक उंचीपेक्षा लहान छापता येत नाहीत. ओळ बसेना. छपाईवाला फोनवर म्हणाला, "बाई, एक तर शब्द काढा नाहीतर ससा काढा." सशाला हात लावायला मोरपीस तयार नव्हता. मोरपीस म्हणजे आमचा जाहिरातीचा साहेब, बोलताना अंगावरून मोरपीस फिरवल्यासारखं बोलतो म्हणून सगळे तसंच म्हणतात. मग मी पहिले दोन शब्द खोडले. मी तेव्हा घरून काम करत होते, मुलगी मांडीवर होती, माझ्या खांद्यावर दूध ओकत होती. दोन मिनिटांचं काम. पुढे तीच आखूड ओळ बरण्यांवर, बाटल्यांवर, भिंतीएवढ्या फलकांवर गेली. तिथे जागाच जागा होती, पण गेलेले शब्द परत घालायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. उलट "काय सुटसुटीत ओळ केलीत!" म्हणून मला बढती मिळाली.

म्हणून स्पष्टच विचारते. कुणी चौकशीला आलं तर तू कानावर हात ठेवशील ना?

भांडकुदळ


१६ नोव्हेंबर

दादा,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि लगेच पेटीच्या फटीत हात घालून बघितला. मनगटापर्यंतच जातो. मागे उभा असलेला माणूस म्हणाला, "काही पडलं का?" मी म्हटलं, हो.

जिवाला स्वस्थता म्हणून नाही. घरात दिसेल ती बाटली उचलते आणि मागची बारीक अक्षरं वाचते. काल नवरा म्हणाला, "अगं, भांड्यांचा साबण आहे तो, कादंबरी नाही." मी त्याच्यावर असली खेकसले की बिचारा भांडी घासायला उठला.

परवा ऑफिसातून निघून दुकानात गेले. आमच्या नळ्या जिथे मांडलेल्या असतात तिथे जाऊन उभी राहिले. एक बाई आल्या, पन्नाशीच्या, डोळ्यांखाली काळं. नळी हातात घेऊन दुकानातल्या मुलीला विचारलं, "यात प्राणी-बिणी काही नाही ना गं? माझ्या सुनेला चालत नाही." मुलगी म्हणाली, "अजिबात नाही काकू, हा बघा की ससा!" काकू हसल्या आणि दोन घेतल्या. एक स्वतःला, एक सुनेला. मी तिथे हातभर अंतरावर उभी होते. त्या गेल्यावर मी काय केलं असेल सांग. एकेक नळी उचलून उलटी ठेवत सुटले, ससा भिंतीकडे. तेवीस नळ्या झाल्यावर त्या मुलीने पकडलं. "ओ ताई, काय चाललंय? तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या का?" लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मुकाट्याने सगळ्या परत सरळ केल्या.

मोरपीसला मी तक्ता दाखवला. त्याने वाचला, शेरे वाचताना तर जरासा हसलासुद्धा. म्हणाला, "तुम्ही फार मनाला लावून घेता. प्रयोगशाळा बंद पडली. खाली नाव नाही. अक्षर कुणाचं, हे आता सांगणार कोण? कुणी सांगितलं नाही तर हा नुसता एक कागद आहे. आणि ती फाइल फार जाड झालीय हो, जरा हलकी करा." फाडा असं तो कधीच म्हणणार नाही. हलकी करा.

आता माझी अडचण बघ. खरं सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागतं, नाहीतर कागद कुणी मानत नाही. नाव घेतलं की ते छापून येणार. मग तुझ्या शाळेतले आईबाप विचारणार, सशांच्या डोळ्यांत औषधं घालणारा माणूस आमच्या मुलांच्या गेटवर कशाला? तुझी नोकरी जाईल. गेटकाका संपले. म्हणून मी ठरवलं होतं की सही करून टाकायची. तुझ्यासाठी. हे वाक्य मी आठवडाभर मनात घोळवतेय आणि दर खेपेला ते छान वाटतं, म्हणूनच मला त्याचा संशय येतो. ऑफिसात छान वाटणाऱ्या ओळी मीच लिहिते ना.

एक गोष्ट आहे, ती लिहायची टाळतेय. लिहूनच टाकते.

तक्त्यावरची शेवटची नोंद चौदा तारखेची, सकाळी अकराची. बहात्तर तास पुरे. तिन्ही नंबरांपुढे 'संपलं'. त्याच संध्याकाळी तू माझ्याकडे आलास. मुलगी तीन दिवसांची होती. मी दारातच तुला अडवलं, शेजारपाजारच्यांदेखत म्हटलं, "या हातांनी माझ्या मुलीला शिवायचं नाही. ससे मारून पोट भरतोस." तू "बरं" म्हणालास आणि गेलास. वर मी सगळ्यांना सांगितलं, तू पिऊन आला होतास, डोळे लाल होते. दादा, तू पीत नाहीस. मला तेव्हाही माहीत होतं. तू रडून आला होतास आणि तुला कुठेतरी टेकायचं होतं, हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. मी नाकाने कांदे सोलले. आणि सहा वर्षं त्याच सशांवर पगार घेतला, तो तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त.

मला तुझी माफी मागायची आहे. पत्रात मागितली तर चालते का?


२१ नोव्हेंबर

दादा,

पोस्टमनने खरंच खालून हाक मारली. मी एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी अशी धावले.

कार्डावर तीन ओळी. "नाव लिही. काय काम करत होतो तेही लिही. शेरे वाचून दाखव, गाळू नकोस." बस. ना खुशाली, ना शिवी. अरे, निदान शिवी तरी द्यायचीस!

तळपायाची आग मस्तकात गेली बघ माझी. मी दोन आठवडे तुझ्या नोकरीच्या काळजीने अर्धी झाले आणि तू तीन ओळींत मोकळा. आता सही करायला माझ्याकडे कारणच उरलं नाही. तुझ्यासाठी, असं म्हणता येत नाही. राहतो काय तर माझा पगार, घराचा हप्ता आणि माझी इभ्रत. तू मला चांगलंच कोपऱ्यात गाठलंस.

दिवसभर तुझ्यावर चरफडले. संध्याकाळी भाचीने कार्ड वाचलं. तिला हल्ली दिसेल ते वाचायचं असतं. म्हणाली, "आई, कोणाचे शेरे?" मी म्हटलं, मामाचे. तर विचारते, "मला मामा आहे?"

मी भाजी चिरत होते, ती चिरतच राहिले.

पाचावर धारण बसलीय. अजून सात दिवस.


२९ नोव्हेंबर

दादा,

काल झालं. क्रमाने लिहायला बसलेय.

खोली लहान होती, पंखा खडखडत होता. टेबलामागे तिघं, मध्ये अध्यक्षबाई. तक्रार करणाऱ्या शिक्षिकाबाई एकट्याच आल्या होत्या, ना वकील ना कुणी. किरकोळ अंगाच्या. पिशवीतून त्यांनी आमची अर्धी वापरलेली नळी काढून टेबलावर ठेवली. रिकामा वेळ असलेल्या बाई वाटत नव्हत्या. सकाळची शाळा करून आल्या होत्या, बोटांना खडू तसाच होता.

आमच्या वकिलांनी टाइप केलेलं निवेदन माझ्यापुढे सरकवलं आणि पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं. मोरपीस माझ्या मागे बसला होता. त्याच्या अत्तराचा वास येत होता. मी निवेदन बाजूला ठेवलं आणि पर्समधून माझा कागद काढला. हाताने लिहिलेला, दीड पानाचा. सोबत एकशे बारावं पान. पहिलं वाक्य मी दोनदा सुरू केलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "पाणी घ्या." पाणी घेतलं, अर्धं साडीवर सांडलं.

मग सांगितलं. मेणाचं सांगितलं, खोडलेल्या शब्दांचं सांगितलं, ते मीच खोडले हेही सांगितलं. वकील ताडकन उठले. "या कागदाला काडीचा आधार नाही. नाव नाही, सही वाचता येत नाही, कुणाच्याही हाताचा असू शकतो." अगदी मोरपीस म्हणाला होता तसंच.

अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "अक्षर कुणाचं? आणि तुम्ही कशावरून सांगता?"

मी म्हटलं, "आधी शेरे वाचू का?" आणि वाचले. सगळे, तू सांगितलंस तसे. नंबर दोन रागावलाय. नंबर एक हाक मारली की कान हलवतो. नंबर तीन गवत नको म्हणाला. शाळेतल्या बाई काही लिहून घेत होत्या, त्यांनी पेन खाली ठेवला. टेबलामागच्या तिघांपैकी एकानेही घड्याळाकडे बघितलं नाही. सहा वर्षं त्या फायलीत पडून होते ते शेरे, दादा. पहिल्यांदा कुणीतरी ऐकले.

मग मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. काम सांगितलं. आणि मागून मोरपीस हळूच म्हणाला, "हे कोण?" त्याला कसं माहीत असणार? ऑफिसात मी पहिल्या दिवसापासून सांगत आले, मी एकुलती एक. फॉर्मवरही तसंच भरलंय. आमची ओळ जगाला खोटी वाटायच्या कितीतरी आधी मी हे खोटं चालवत होते, आणि ते कुणी तपासायला आलं नाही.

मंडळाने निकाल लागेपर्यंत नळ्या दुकानांतून उचलायला सांगितल्यात. मला सोमवारपासून येऊ नका असं कळवलंय, तेही गोड शब्दांत. नवरा म्हणाला, बघू. एवढंच म्हणाला, पण रात्रीची भांडी त्यानेच घासली. मी रडले. बरंही वाटलं आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदमच. हप्ता कसा भरायचा, ठाऊक नाही. आणि तुझ्या शाळेत कळेलच, आज ना उद्या. तिथे येऊन त्या आईबापांपुढे उभं राहून सांगायला मी तयार आहे. तू नको म्हणालास तर येणार नाही.

एक राहिलं. सगळं बोलून झाल्यावर माझा जबाब टाइप करणाऱ्या माणसाने मान वर न करता विचारलं, "साक्षीदार बाई, या गृहस्थांशी तुमचं नातं काय लिहू?"

मी म्हटलं, "सख्खा भाऊ."

त्याने टाइप केलं. कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मी तीनदा वाचला आणि सही केली. या महिन्यात केलेली ही एकच सही.

त्याची एक प्रत सोबत पाठवतेय. तुझं नाव बरोबर लिहिलंय का, तेवढं बघून कळव.

तुझी धाकटी बहीण